पिकअप आणि पकड : नांदेड-लातूरच्या मोटारमालकांचा वाद

व्यापाऱ्यांच्या बैठकीत पूर्वी तीन विषय असत. मालाचा भाव, अडकलेली उधारी आणि पाऊस. गेल्या वीस वर्षांत त्यांत चौथ्या विषयाची भर पडली आहे. कुणाची छोटी गाडी जास्त पळते, हा तो विषय. नांदेडच्या वजिराबादेत किंवा इतवाऱ्यात दुकाने बंद होण्याच्या सुमारास जा, लातूरच्या गंजगोलाईत दुपारच्या चहाला बसा, तीच तकरार कानी पडते. एक पक्ष स्विफ्टवाल्यांचा आणि दुसरा पोलोवाल्यांचा. एम.एच. २६ पाटीवाला एम.एच. २४ वाल्याला कमी लेखतो आणि लातूरवाला नांदेडकराला मोटार कशाशी खातात ते समजावून सांगतो.

आम्ही कापडाच्या धंद्यातले. मोटारीचे पान्हे हाती धरणे हे आमचे काम नाही. तरीही खरेदी आणि वसुलीच्या निमित्ताने नांदेड-लातूर रस्त्यावर आमचे आयुष्य गेले, दोन्ही पक्षांच्या गाड्यांत बसणे झाले आणि दोन्हीकडची वकिली ऐकून झाली. हा विषय व्यापाराच्या पानावर घेण्यास सबळ कारण आहे. आपल्याकडे ही गाडी बहुधा दुकानाच्या पैशांतून येते, तिचा हप्ता गल्ल्यातून जातो आणि ती घरातल्या कमावत्या तरुणाच्या हाती असते. तेव्हा वादात काय बरोबर आणि काय पोकळ, याची खातरजमा व्हायला हवी.

थोडा मागचा हिशोब

आमच्या तरुणपणी शेठ लोकांची गाडी म्हणजे मुंबईत कुर्ल्याला बनणारी प्रीमियर पद्मिनी. १,०८९ सी.सी.चे इंजिन आणि स्टिअरिंगच्या दांड्यालाच गिअर. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि हलकी गाडी लहान इंजिनावरही चपळ असू शकते हे लोकांना प्रथम कळले. १९९३ च्या झेनने या चपळाईला शौकाचे रूप दिले. इंजिन एक लिटरचे, ताकद पन्नास अश्वशक्तीच्या आसपास, पण अंग हलके आणि बैठक जमिनीलगत. झेन वळणाला चिकटून जाते, असे तिचे जुने मालक अजूनही सांगतात.

२००१ मध्ये फियाटची पालिओ आली. तिच्या जाहिरातीत सचिन तेंडुलकर होते. १.६ लिटरच्या पालिओत शंभर अश्वशक्ती होती. छोट्या गाडीत एवढी ताकद लोकांना नवी होती. मात्र पेट्रोल फार पिते हा बोलबाला तिच्या मागे लागला, आणि अ‍ॅव्हरेज विचारल्याशिवाय गाडीचा दरवाजासुद्धा न उघडणाऱ्या आपल्या व्यापाऱ्यांनी तिला दुरूनच सलाम केला.

मे २००५ मध्ये स्विफ्ट बाजारात आली. तेव्हा तिला १.३ लिटरचे पेट्रोल इंजिन होते. २००७ मध्ये तिच्यात फियाटच्या रचनेचे १,२४८ सी.सी.चे डिझेल इंजिन बसले आणि मराठवाड्यात तिची खरी चलती सुरू झाली. फोक्सवॅगनने पुण्याजवळ चाकणला कारखाना काढला आणि २०१० मध्ये तिथून पोलो बाहेर पडली. २०१३ मध्ये तिचीच जी.टी. टी.एस.आय. नावाची टर्बो पेट्रोल आवृत्ती आली. आजच्या वादाचे मूळ या दोन गाड्यांत आहे.

या सगळ्यात सरकारी कराचा हात मोठा आहे, हे व्यापाऱ्यांनी विसरू नये. २००६ च्या अर्थसंकल्पात छोट्या गाडीची व्याख्या ठरली. लांबी चार मीटरच्या आत, पेट्रोल इंजिन १,२०० सी.सी.पर्यंत किंवा डिझेल १,५०० सी.सी.पर्यंत असेल, तर अबकारी कर २४ ऐवजी १६ टक्के. त्यामुळे कंपन्यांनी इंजिने या मापात कापून बसवली. स्विफ्टचे १.३ लिटरचे पेट्रोल इंजिन २०१० मध्ये जाऊन १.२ चे आले, आणि पोलोचे टर्बो इंजिनही १,१९७ सी.सी.चेच ठेवले गेले. पुढे जी.एस.टी.तही हीच मापे टिकली. २२ सप्टेंबर २०२५ पासून या मापातल्या गाड्यांवर १८ टक्के जी.एस.टी. आहे. शिंप्याने पन्ह्याच्या हिशोबाने कापड बेतावे, तसे कंपन्यांनी कराच्या हिशोबाने इंजिन बेतले.

तीन मालक, तीन दावे

वादात ज्यांचे म्हणणे आम्ही नीट ऐकून घेतले, ते तीन मालक असे. पहिले नांदेडचे तयार कपड्यांचे व्यापारी. त्यांच्याकडे २०१२ ची डिझेल स्विफ्ट आहे. त्यांचे म्हणणे, "चौथ्या गिअरला गाडी एकदा दोन हजार फेऱ्यांवर आली, की मग ट्रक मागे टाकायला गिअर बदलावा लागत नाही. आणि डिझेलचे अ‍ॅव्हरेज वेगळेच." दुसरा लातूरच्या डाळ मिलवाल्यांचा मुलगा. त्याने वापरलेली पोलो जी.टी. टी.एस.आय. घेतली आहे. तो म्हणतो, "चाचा, तुम्ही एकदा वळणावर बसून बघा. स्विफ्ट झुकते, पोलो झुकत नाही. शंभरच्या वर स्विफ्ट हलकी लागते, माझी गाडी तिथे जमिनीला दाबून बसते." तिसरा नांदेडचाच, औषधांच्या दुकानाचा मालक. त्याची २०२४ ची नवी स्विफ्ट आहे. त्याचे उत्तर असे, "भाईजान, गावात आणि बाजारात माझी गाडी बोटावर फिरते, सहा एअरबॅग आहेत आणि सर्व्हिसिंगला मला पुण्या-हैदराबादची वाट धरावी लागत नाही."

तिघेही आपापल्या जागी खरे बोलतात. घोटाळा असा, की पहिला पिकअपबद्दल बोलतो, दुसरा पकडीबद्दल आणि तिसरा सोयीबद्दल, आणि तिघेही आपल्या मुद्द्याला "पर्फॉर्मन्स" हेच नाव देतात. गिऱ्हाइकाने पोत विचारावा आणि दुकानदाराने रंग दाखवावा, तसा हा प्रकार.

आकडे काय सांगतात

२०२४ च्या स्विफ्टला १.२ लिटरचे तीन सिलिंडरचे इंजिन आहे. ताकद सुमारे ८२ पी.एस. आणि टॉर्क सुमारे ११२ न्यूटन मीटर. आधीच्या चार सिलिंडरच्या इंजिनाची ताकद २०२१ पासून ९० पी.एस. होती. त्यामुळे स्विफ्टवाल्यांतही दोन तट पडले आहेत. जुने मालक म्हणतात, इंजिनाची मुलायमी गेली. नवे म्हणतात, गावात फरक कळत नाही आणि पेट्रोल वाचते. जुन्या डिझेल स्विफ्टची ताकद ७५ पी.एस. एवढीच, पण टॉर्क १९० न्यूटन मीटर. पोलो जी.टी. टी.एस.आय.ची ताकद १०५ पी.एस. आणि टॉर्क १७५.

टॉर्क म्हणजे चाक फिरवणारा जोर. हा जोर इंजिनाच्या किती फेऱ्यांवर मिळतो, हे ताकदीच्या आकड्याइतकेच महत्त्वाचे आहे. पोलोच्या टर्बो इंजिनाचा पूर्ण जोर मिनिटाला १,५०० फेऱ्यांपासून हाती येतो आणि चार हजारांपर्यंत टिकतो. डिझेल स्विफ्टचा दोन हजारांवर येतो. त्याच्या खाली ती सुस्त असते, आणि मेकॅनिक ज्याला टर्बो लॅग म्हणतात तो हाच. नव्या पेट्रोल स्विफ्टचा पूर्ण जोर चार हजार फेऱ्यांच्या पुढे मिळतो. म्हणून उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर ओलांडताना पोलोवाला नुसता पाय दाबतो, डिझेलवाला फेऱ्या पाहून पाय दाबतो आणि पेट्रोल स्विफ्टवाल्याला एक गिअर खाली टाकावा लागतो. खाली गिअर टाकण्याची सवय असेल तर स्विफ्ट काही कमी पडत नाही. ज्याला आळस आहे, त्याने तिला नावे ठेवू नयेत.

दुसरी बाजू वजनाची. नवी स्विफ्ट नऊशे किलोच्या थोडी वर, पोलो टी.एस.आय. अकराशेच्या आसपास. ताकद वजनाने भागली तर टनामागे स्विफ्टला ९० च्या आत-बाहेर आणि पोलोला ९५ च्या आसपास पी.एस. येतात. म्हणजे कागदावर जेवढा गाजावाजा आहे, तेवढे अंतर नाही. हलक्या अंगामुळे स्विफ्ट वळायला चटकन तयार होते, गावच्या गल्लीत हाताला लागत नाही. पोलोचे वजन आणि कडक सस्पेन्शन मोठ्या वेगात तिला स्थिर ठेवतात. मोठ्या वेगात गाडी दाबून बसते, हा लातूरच्या तरुणाचा दावा आम्हास मान्य आहे.

रस्ता बदलला, वादही बदलला

नांदेड ते लातूर अंतर सुमारे १४० किलोमीटर. वाटेत सोनखेड, लोहा, माळेगाव, अहमदपूर, शिरूर ताजबंद, चाकूर. हा रस्ता दुपदरी होता, तेव्हा गाडीची खरी परीक्षा ओलांडण्यात असे. समोरून येणारा ट्रक आणि पुढचा ट्रॅक्टर यांच्या मधल्या फटीत किती लवकर घुसून निघता येते, याला लोक पिकअप म्हणत. डिझेल स्विफ्टची कीर्ती त्या रस्त्याने वाढवली.

आता तुळजापूर, औसा, लातूर, नांदेडमार्गे विदर्भात जाणारा राष्ट्रीय महामार्ग ३६१ टप्प्याटप्प्याने चौपदरी झाला. समोरासमोर घुसण्याचे प्रसंग कमी झाले. त्याऐवजी तासन् तास मोठा वेग, मध्येच दुभाजकातून वळणारी मोटारसायकल, उलट्या बाजूने येणारा ट्रॅक्टर, हंगामात दिव्याविना उभी असलेली उसाची ट्रॉली, हे प्रसंग वाढले. अशा वेळी ब्रेक किती लवकर लागतो आणि अचानक स्टिअरिंग फिरवल्यावर गाडी सरळ राहते की घसरते, याला महत्त्व येते. पूर्वीच्या रस्त्यावर जी गाडी पहिली ठरली, ती या रस्त्यावरही पहिली ठरेलच असे नाही.

आणि महामार्ग सोडला की आपली जुनी ओळख कायम आहे. कंधार, मुखेड, उदगीर, निलंगा या बाजूंना वसुलीला जाणाऱ्यास ठाऊक आहे. इथली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते आणि तिच्यावरचा डांबरी रस्ता लाटांसारखा वरखाली होतो. त्या लाटेवर कडक सस्पेन्शनची गाडी उसळी घेते आणि उसळलेल्या चाकाला पकड नसते. गुळगुळीत वळणावर जी गाडी चांगली, तीच इथे कंबर मोडते. म्हणून पकडीचा निकाल एका रस्त्यावर लावता येत नाही.

माल भरलेली गाडी

या वादात एक गोष्ट कुणी बोलत नाही. सगळे आपली गाडी एकट्याने चालवून तिची तारीफ करतात. धंद्यातली गाडी एकट्याने चालते कुठे? इचलकरंजी किंवा सोलापूरहून येताना मागच्या सीटवर थानांचे गठ्ठे असतात, डिकीत साड्यांचे बोचके, पुढे नोकर. कापड दिसते मऊ, पण त्याचे वजन लोकांना कळत नाही. दाबून बांधलेला गठ्ठा उचलताना हमालाचा दम निघतो.

हे सगळे वजन मागच्या चाकांवर येते. गाडी मागून बसते, पुढचा भाग उचलतो. पुढच्या चाकांवर भार कमी झाला की स्टिअरिंग हलके लागते आणि गाडी वळायला उशीर करते. दिव्यांचा झोत रस्त्याऐवजी समोरच्याच्या डोळ्यांत जातो. ब्रेक तेवढाच, पण थांबवायचे वजन जास्त. मोकळा गठ्ठा जोरात ब्रेक मारला की पुढे येऊन चालवणाऱ्याच्या पाठीत बसतो. रिकाम्या गाडीत ज्याने वळण ८० ने काढले, त्याने माल भरल्यावर तेच वळण ८० ने काढू नये.

उपाय महाग नाहीत. चालकाच्या बाजूच्या दरवाजापाशी हवेच्या दाबाची चिठ्ठी चिकटवलेली असते. तिच्यावर भरलेल्या गाडीचा दाब वेगळा दिलेला असतो, तेवढी हवा भरावी. जड गठ्ठे खाली आणि सीटच्या पाठीला लावून ठेवावेत, हलके वर, आणि दोरीने बांधावेत. दिव्यांची उंची कमी करण्याचे चाक स्टिअरिंगजवळ असते, ते फिरवावे. गाडीच्या पुस्तिकेत एकूण वजनाची मर्यादा लिहिलेली असते. तिच्या पलीकडे माल असेल तर तो ट्रान्सपोर्टने टाकावा आणि बिल्टी घ्यावी.

पंधरा मिनिटांचा हिशोब

आता वेगाकडे येऊ. १४० किलोमीटर अंतर सरासरी ७० ने कापले तर दोन तास लागतात. सरासरी ८० ने कापले तर पावणेदोन. मधल्या गर्दीत आणि गावांत वेळ जातो, म्हणून सरासरी १० ने वाढवायला मोकळ्या रस्त्यावर काटा १२० च्या पुढे न्यावा लागतो. कमाई पंधरा मिनिटांची. एका गिऱ्हाइकाचा चहा होतो तेवढी.

त्याची किंमत पाहा. कोरड्या चांगल्या रस्त्यावर, चांगल्या टायरांवर ताशी ६० च्या वेगातली गाडी ब्रेक लागल्यावर साधारण २० मीटरमध्ये थांबते. १०० च्या वेगाला ५५ मीटर लागतात आणि १२० ला ८० च्या आसपास. वेग दुप्पट झाला की थांबण्याचे अंतर चौपट होते, हा निसर्गाचा व्याजदर आहे आणि तो चक्रवाढ सावकारापेक्षा कडक आहे. शिवाय धोका दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद जातो. १२० च्या वेगात त्या एका सेकंदात गाडी ३३ मीटर पुढे गेलेली असते. अंधारात उभ्या ट्रॉलीचा मागचा भाग आपल्या दिव्यांत कितीशा मीटरवर दिसतो, ते ज्याने त्याने आठवावे. स्विफ्ट असो की पोलो, या हिशोबात दोघींना सूट नाही.

मजबुतीचा प्रश्नही याच ठिकाणी येतो. २०१४ च्या आरंभी ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत एअरबॅगविना पोलोला शून्य तारे मिळाले होते. त्याच गाडीला एअरबॅग लावल्यावर चार मिळाले. त्याच वर्षी एअरबॅगविना स्विफ्टलाही शून्य मिळाले, २०१८ मध्ये दोन आणि २०२२ मध्ये, नियम कडक झाल्यावर, एक. २०२४ च्या स्विफ्टमध्ये सहा एअरबॅग आणि घसरणारी गाडी सावरणारी ई.एस.सी. यंत्रणा सर्व प्रकारांत आहे. जुनी गाडी घेणाऱ्याने हे लक्षात ठेवावे की २०१९ पूर्वीच्या कित्येक स्वस्त प्रकारांत एअरबॅगही नाही आणि ए.बी.एस.ही नाही. पाटी तीच, रंग तोच, आतला माल वेगळा.

घेणाऱ्यांनी काय पाहावे

जुनी पोलो टी.एस.आय. आज तरुणांना भुलवते, कारण नवी मिळत नाही. भारतात पोलोचे उत्पादन २०२२ मध्ये बंद झाले. जी.टी. टी.एस.आय.ला सात गिअरचा डी.एस.जी. गिअरबॉक्स होता. तो चालायला मखमल, पण दुरुस्तीला जड. या जातीच्या गिअरबॉक्ससाठी कंपनीला २०१३ मध्ये जगात अनेक ठिकाणी गाड्या परत बोलवाव्या लागल्या होत्या. तेव्हा सर्व्हिसचे कागद पाहिल्याशिवाय, गर्दीत पहिल्या-दुसऱ्या गिअरला धक्का बसतो का हे पाहिल्याशिवाय, आणि आपल्या जिल्ह्यात हे काम जाणणारा कारागीर कोण हे विचारल्याशिवाय बयाणा देऊ नये. २०२० पासून पोलोला एक लिटरचे टर्बो इंजिन आले, त्यात हाताने टाकायचा गिअर मिळतो. शौक आणि किफायत दोन्ही हवे असणाऱ्याने तो प्रकार शोधावा.

जुन्या डिझेल स्विफ्टचेही तसेच. एप्रिल २०२० मध्ये नवे प्रदूषण नियम आले आणि मारुतीने डिझेल गाड्या बंद केल्या. जी आहे ती जुनीच आहे, आणि काटा मागे फिरवलेल्या गाड्या बाजारात कमी नाहीत. टर्बोचा आवाज, धूर आणि क्लच तपासून घ्यावा.

कोणतीही गाडी असो, टायर आधी पाहावेत. गाडी रस्त्याला धरते ती तळहाताएवढ्या चार ठिकाणी. पाच-सहा वर्षांचा, कडक झालेला टायर नक्षी शिल्लक असली तरी पावसात घसरतो. टायरच्या बाजूला चार आकडी तारीख असते. पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. आम्ही पाहिले आहे की लोक गाण्याच्या यंत्रावर आणि चकचकीत चाकांवर तीस हजार घालतात आणि टायरसाठी पुढच्या दिवाळीचा वायदा करतात.

आणि गाडी तपासायची तर शोरूमच्या दारापुढे एक चक्कर मारून भागत नाही. घरची चार माणसे बसवा, डिकीत वजन ठेवा आणि ज्या रस्त्याने तुम्ही रोज जाता त्याच रस्त्याने न्या. लोह्याच्या पुढे बालाघाटच्या रांगेचा चढउतार लागतो, तिथे गिअर किती बदलावे लागतात ते पाहा. एखाद्या खराब फाट्यावर वळवून खालून घासते का, ते ऐका. मोकळ्या, निर्मनुष्य जागी ६० वरून जोरात ब्रेक दाबून गाडी सरळ थांबते का, ते बघा. कापड आपण दिव्याखाली पाहून घेत नाही, उन्हात नेऊन पाहतो. मोटारीलाही तोच नियम लावावा.

आमचा निकाल विचाराल तर असा आहे. महामार्गावर जास्त फिरणाऱ्या, दुरुस्तीची ऐपत असणाऱ्या शौकीन माणसाने पोलो ठेवावी आणि जपावी. बाजार, गल्ली, खेडोपाडीची वसुली आणि अ‍ॅव्हरेजचा हिशोब ज्याला आहे, त्याला स्विफ्ट पुरून उरते. दोन्ही पक्षांनी आपापली वकिली खुशाल चालू ठेवावी. फक्त रात्री दहा वाजता नांदेडहून लातूरला निघालेल्या मुलाला, किती वेळात पोचलास, असे कौतुकाने विचारणे बंद करावे. या प्रश्नामुळेच मुलांचा पाय जड होतो. गाडी कशी चालली, टायर कसे आहेत, माल नीट बांधला होता का, एवढे विचारावे. धंदा उद्याही उघडायचा आहे.